तळवे पाहणारी वाटबाई

संध्याकाळी मुक्कामाला पोचलो की आम्ही सगळे बूट काढून पाय चेपत बसायचो. वाटबाई तसं करायची नाही. ती कमरेच्या पिशवीतून वाटीएवढा गोल आरसा काढायची, भिंतीला टेकायची, एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायची आणि आरशात स्वतःचा तळवा पाहायची. टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या. आधी उजवा पाय, मग डावा. उजेड कमी असला तर आरसा कलता करून मावळतीचा प्रकाश तळव्यावर पाडायची. त्या आरशात तिनं कधी स्वतःचा चेहरा पाहिला असेल तर ते मी पाहिलं नाही.

तिचं खरं नाव कौसाबाई. चामोर्शीजवळच्या एका गावातली, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरची. वय पन्नाशीच्या आतबाहेर, उंच, काळीसावळी, आणि चालताना पाय जरा जास्तच वर उचलून टाकायची. ‘वाटबाई’ हे नाव आमच्या सरांनी दिलं. चंद्रपूरहून सिरोंचापर्यंत आम्ही चौदा जण पायी निघालो होतो, आणि त्यातली मार्कंड्यापासून पुढची वाट दाखवायला सरांनी तिला सांगितलं होतं.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सर म्हणजे माझ्या नवऱ्याचे, सुधाकरचे शाळेतले इतिहासाचे मास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच ध्यास लागला होता. त्यांचं म्हणणं असं, की भांदकच्या लेण्यांपासून वैनगंगेच्या काठाकाठानं, मार्कंड्याच्या देवळांवरून, अहेरीच्या जंगलातून खाली गोदावरीपर्यंत एक फार जुना व्यापारी रस्ता जात होता. समुद्राकडचं मीठ त्या वाटेनं वर यायचं आणि इथली लाख, हिरडा, कोसा रेशीम, लोखंड खाली जायचं. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे तांडेच्या तांडे. ती वाट पुस्तकात न शोधता पायांनी शोधायची, असं त्यांनी ठरवलं आणि डिसेंबरात माणसं गोळा केली. दोन-तीन शिक्षक, एक वकीलसाहेब, बँकेतली काही मंडळी, आणि मी.

मी का गेले, याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात मला मुलगी झाली होती. जन्मली तीच निपचित. दवाखान्यात सासूबाई रडल्या, आई रडली, सुधाकर जिन्यात जाऊन रडला. मी नर्सला विचारलं, चहा मिळेल का. त्यानंतर जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मी सातवीला भूगोल शिकवू लागले. मला रडू येत नव्हतं आणि ते येत नाही याचंही काही वाटत नव्हतं. जेवण बेचव लागायचं असंही नाही. नुसतं जेवण लागायचं. सुधाकरनं माझं नाव सरांकडे दिलं तेव्हा मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला काहीतरी वाटावं लागतं.

मार्कंड्यापर्यंतचे पहिले दिवस आम्ही सरांच्या नकाशावर चाललो आणि सारखे चुकलो. जंगलात शिरायचो आणि तासाभरानं पुन्हा डांबरी रस्त्यावर, ट्रकच्या धुळीत बाहेर पडायचो. मार्कंड्याला नदी ओलांडताना डोंगेवाल्यानं विचारलं, कुठं निघालात. सरांनी सगळा इतिहास सांगितला. तो ऐकून घेऊन डोंगेवाला म्हणाला, “अहेरीच्या बाजाराची जुनी वाट म्हना ना. मंग कौसाले संगं घ्या. ते सुकी मासोळी घेऊन जाये त्या वाटेनं.”

तसं झालं. कौसाबाईची आई डोक्यावर सुक्या मासोळीची टोपली घेऊन त्या वाटेनं बाजार करत अहेरीच्याही खाली जायची. आईमागून लेक जाऊ लागली. वीसेक वर्षं गेली. मासोळी द्यायची, बदल्यात मोहफुलं, चारोळी, कधी तांदूळ घ्यायचा. अलीकडची चार-पाच वर्षं मात्र ती त्या बाजूला गेली नव्हती. सरांनी विचारलं, का हो. ती म्हणाली, “जमलं नाई.” सरांनी पुढं विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी तिनं सरांचा नकाशा मोडीत काढला. सर म्हणत होते, चामोर्शीहून वाट सरळ दक्षिणेला उतरली असणार. बाई मात्र कधी डावीकडे वळायची, कधी उजवीकडे, आणि दर वळणाला एक तळं नाहीतर लहानशी बोडी लागायची. दुपारी सर थांबले आणि म्हणाले, “कौसाबाई, आपण फार वाकडं चाललोय.” ती म्हणाली, “बैल काय नकाशा पाह्यते, गुरजी? बैल पानी पाह्यते.” सर तिथंच खाली बसले आणि वहीत लिहू लागले. वर्षानुवर्षं जे त्यांना सुटत नव्हतं ते तिनं एका वाक्यात सोडवलं होतं. वाट गावावरून गावाला जात नव्हती, पाण्यावरून पाण्याला जात होती. त्याच संध्याकाळी एका तळ्याच्या पाळीवर घडीव दगडाची मोठी कुंडी दिसली, कडा बैलांच्या गळ्यांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. सर कितीतरी वेळ त्या कडेवरून हात फिरवत राहिले. कौसाबाई म्हणाली, “आमी हिच्यात मासोळी धुवाचो.”

गावात शिरताना ती कधीही रस्ता विचारायची नाही. “दुर्पताबाई हाये का घरी?” असं विचारायची. मग दुर्पताबाई यायची, कौसाबाईचा चेहरा दोन्ही हातांत धरायची, इतके दिवस कुठी होती वं म्हणून रागवायची आणि पुढच्या तळ्यापर्यंत आमच्याबरोबर चालत यायची. मी एकदा म्हटलं, सरळ वाटच का विचारत नाही तुम्ही? ती म्हणाली, “वाट इचारली त लोक हात करून देते, मास्तरीनबाई. मानूस इचारला त संगं येते.” ती मला पहिल्यापासून मास्तरीनबाईच म्हणायची.

मी सगळ्यात हळू चालायचे, त्यामुळं बऱ्याचदा तिच्या शेजारी असायचे. ती फार बोलायची नाही आणि मला काही विचारायची नाही. मला ते सोयीचं होतं. बाकीचे माझ्याशी बोलताना आवाज खाली आणायचे. वकीलसाहेब तर रोज सकाळी विचारायचे, “कसं वाटतंय आता?” चांगले गृहस्थ होते. मी रोज “बरं वाटतंय” म्हणायचे.

तिच्याबरोबरच्या तिसऱ्या संध्याकाळी आम्ही एका गावातल्या समाजमंदिरात उतरलो. बाई आरसा घेऊन बसली आणि थोड्या वेळानं मला म्हणाली, “मास्तरीनबाई, जरा पाहून द्या बरं. डाव्या टाचेत काई काळं दिसून राह्यलं.” मी जवळ गेले. तिच्या पायात काळ्या मऊ रबराच्या, पट्ट्यांच्या चपला असायच्या. त्यातल्या एका चपलेतून बोरीचा काटा आरपार गेला होता आणि मोडून टाचेत राहिला होता. मी पिनेनं तो काढला. बोटाच्या पेराएवढा लांब होता. मागून रक्त आलं. मी काटा काढत असताना ती समोरच्या म्हाताऱ्याशी धानाच्या भावाबद्दल बोलत होती. एकदाही थांबली नाही.

“तुम्हाला दुखलं नाही?” हे मी विचारलं नाही, माझ्या मागं उभ्या असलेल्या वकीलसाहेबांनी विचारलं.

“नाई,” ती म्हणाली. “पायाचं समजत नाई मले. तो रोग झाला होता ना. आता बरा झाला, पन पाय तसेच राह्यले.” आणि मग माझ्याकडे वळून, आरसा पिशवीत ठेवत, “ज्याले दुखते त्याले पाहा लागत नाई. मले रोज पाहा लागते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीप्रमाणे तीन दगडांवर चहा ठेवला. पेले भरून ओळीनं मांडले. मी उठून आले तोवर ती तळ्यावर भांडी घासायला गेली होती. मी एक पेला उचलला आणि पिऊ लागले. मग माझ्या लक्षात आलं, बाकीचे पेले तसेच आहेत. मंडळी थोड्या अंतरावर घोळक्यानं उभी होती. वकीलसाहेब सरांना म्हणत होते, “माझा व्यक्तिशः काही आक्षेप नाही. पण घरी लहान मुलं आहेत आमच्या. महारोग आहे हा, सर. आपण चार दिवस तिच्या हातचं खातोय.” बँकेतल्या एकानं मान हलवली. शिक्षकांपैकी एक म्हणाले, औषधानं बरा होतो हल्ली. पण ते म्हणताना त्यांनीही पेला उचलला नाही.

सर माझ्याकडे आले. त्यांना वाटलं असावं, मी तिच्या जवळची आहे. ते म्हणाले, “तुझं काय मत?”

माझ्या हातात अर्धा पेला होता. मी सर्वांना ऐकू जाईल असं काही बोलू शकले असते. मी भूगोलाबरोबर विज्ञानही शिकवायचे, हा रोग असा पसरत नाही हे मला माहीत होतं. मी “तुम्ही ठरवा” असं म्हटलं आणि उरलेला चहा प्यायले. तेवढंच केलं.

कौसाबाई भांडी घेऊन आली. ओळीनं भरलेले, थंड झालेले पेले तिनं पाहिले. सर खाली मान घालून म्हणाले, “कौसाबाई, तुम्ही वाट दाखवाच. फक्त जेवणखाण जरा वेगळं... लोकांची मनं असतात. राग मानू नका.” ती म्हणाली, “जमते.” एकेक पेला उचलून तिनं चहा झाडाच्या बुंध्याशी ओतला, पेले पुन्हा विसळले आणि पालथे घातले.

तिथून पुढं ती आमच्या पुढं, हाकेच्या अंतरावर चालायची. वळण आलं की थांबायची, आम्ही दिसलो की पुढं निघायची. मुक्कामाला तिची चूल वेगळी, बसणं वेगळं. दुपारच्या थांब्यावर एकदा मी तिच्याकडे गेले. म्हटलं, “डॉक्टरांचा कागद असेल ना तुमच्याकडे, बरं झाल्याचा?”

“हाये. पिशवीत हाये.”

“मग दाखवत का नाही त्यांना?”

“भेव कागद वाचत नाई,” ती म्हणाली. तिनं मला बसायला सांगितलं नाही. मीही बसले नाही. परत मंडळींत येऊन बसले.

ती सोडून का गेली नाही, असं मला पुढं पुष्कळदा वाटलं. तेव्हा सरांनीच तिला ते विचारलं होतं. ती म्हणाली होती, “वाट दाखवतो म्हनलं ना. आता सोडून गेली त तुमी चुकसान.” त्यात टोमणा नव्हता. आम्ही खरंच चुकलो असतो.

दोन दिवस असे गेले. आष्टी मागं पडली होती आणि जंगल दाट झालं होतं. सकाळी इतकी थंडी पडायची की बोलताना तोंडातून वाफ निघायची. गोंडांच्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा पाड्यावर, आम्ही शाळेच्या पडवीत झोपलो होतो. बाई पलीकडे, पटांगणाच्या टोकाला असलेल्या एका मांडवात. तिथं तिनं स्वतःपुरती शेकोटी केली होती. आमची शेकोटी पडवीसमोर होती.

उजाडताना मला जाग आली ती वासानं. मला वाटलं, कौसाबाई सुकी मासोळी भाजतेय. तशी ती कधीकधी भाजायची. भूक लागल्यासारखं झालं हे मला स्पष्ट आठवतं. मी शाल घेऊन उठले आणि पटांगणातून तिच्याकडे गेले. ती मांडवाच्या खांबाला टेकून बसल्याबसल्या झोपली होती, पाय शेकोटीकडे पसरलेले. चपला काढून बाजूला नीट ठेवल्या होत्या. डाव्या पायाचा चवडा निखाऱ्यात होता.

मी ओरडले. तिला काखेत धरून मागं ओढलं. ती जागी झाली आणि आधी माझ्याकडे, मग पायाकडे पाहिलं. बोटं काळी पडली होती आणि चवड्याची कातडी सुटून आली होती. ती “अरे बापा” म्हणाली, अगदी हळू, दूध उतू गेल्यावर म्हणतात तसं. मी तिचा पाय मांडीवर घेतला होता. आमच्याबरोबर, आमच्या शेकोटीशी ती बसली असती तर चौदातला कोणीतरी एक जण म्हणाला असता, बाई, पाय मागं घ्या. एवढंच लागलं असतं. चार शब्द.

मी रडू लागले. उन्हाळ्यापासून न आलेलं ते सगळं एकदम आलं, तोंड वेडंवाकडं करून, आवाज काढून. मंडळी धावत आली आणि मला पाहून थबकली.

“मले दुखून नाई राह्यलं, मास्तरीनबाई,” कौसाबाई म्हणाली. “तुमी काऊन रडता?”

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी थांबेपर्यंत तिथंच राहू दिला.

वकीलसाहेबांनी त्यांचा औषधांचा डबा आणला. आमच्यापासून दोन हातांवर त्यांनी भाजल्यावरचं मलम जमिनीवर ठेवलं. क्षणभर थांबले, मग काठीनं ते आणखी थोडं पुढं सरकवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. नंतर मी त्यांच्यावर पुष्कळ रागावून पाहिलं. पण राग धरायला गेलं की मला त्यांची काठी दिसायच्या आधी माझ्या हातातला पेला दिसतो.

टोल्यावरच्या सैत्राबाईनं बैलगाडी जुंपवली. ती कौसाबाईला पक्क्या रस्त्यापर्यंत आणि तिथून एसटीनं अहेरीच्या दवाखान्यात नेणार होती. मी म्हटलं, मी येते बरोबर. कौसाबाई म्हणाली, “तुमी आल्या त वाट कोन दाखवन?” मग गाडीत बसून तिनं मला पुढची वाट सांगितली. त्यात एकही गाव नव्हतं. “इथून मैनाबाई. मंग पेंटूबाई, तिचं घर तळ्याच्या पाळीवर हाये. मंग चिन्नूबाई. नदी दिसली की राजक्का. मंग पोचक्का. तिच्यापासून सिरोंचा दिसते.” मी वही काढली. तिनं हात आडवा केला. “लिहू नोका. म्हना.” मी म्हटलं. चुकले. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा तिनं गाडीवानाला खूण केली.

उरलेले दिवस मी पुढं चालले. मैनाबाई भेटली. पेंटूबाई मरून दोन वर्षं झाली होती, तिची सून आमच्याबरोबर आली. खाली उतरू तशी माणसांची बोली तेलुगूकडे झुकत गेली, आणि प्राणहितेच्या काठच्या गावात तर मराठी कोणालाच समजेना. मी फक्त “राजक्का?” असं म्हटलं. एक म्हातारी पुढं आली. मी “कौसाबाई” म्हटलं तर तिचा चेहरा उजळला. “कौसक्का?” ती म्हणाली आणि माझ्या मागं कोणी येतंय का ते पाहू लागली. मी माझ्या पायाकडे बोट केलं, मग हातांनी आग दाखवली. राजक्कानं तोंडावर हात ठेवला. तिनं आम्हा चौदा जणांना भात घातला आणि एकाही माणसानं, हा हात कोणाचा, असं विचारलं नाही.

सिरोंच्याला किल्ल्याच्या बुरुजावर उभं राहून आम्ही नद्यांचा संगम पाहिला. सरांचे डोळे भरले होते. त्यांची वाट त्यांना सापडली होती. वकीलसाहेबांनी कोणालाही उद्देशून नाही असं विचारलं, “ती बाई बरी असेल ना?” परतताना एसटी अहेरीला थांबली तेव्हा मी दवाखान्यात धावत जाऊन आले. पट्टी बांधून ती दोन दिवसांपूर्वीच घरी गेली होती.

मी तिच्या गावी गेले ती संक्रांत उलटून गेल्यावर. चामोर्शीला एसटीतून उतरून चालत. ती दारात बसून वाळत घातलेल्या मासोळीवरचे कावळे हाकत होती. पायाला फडकं गुंडाळलेलं. दोन बोटं काढली होती आणि जखम भरत नव्हती. धाकटी बहीण तिच्याजवळ राहायला आली होती. बहिणीनं पाणी दिलं. मी इतक्या दिवसांत जे मनात जुळवून ठेवलं होतं ते बोलले. “कौसाबाई, त्या दिवशी सकाळी मी काही बोलले नाही.”

“हो,” ती म्हणाली. “पाह्यलं मी.”

ती पुढं काही म्हणेल म्हणून मी थांबले. तिनं एका कावळ्याला खडा मारला. असू द्या, असं ती म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे. ती तसं म्हणाली असती तर मी ते घेऊन घरी गेले असते.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “तुमाले लेकरं किती?”

मला हा प्रश्न कोणी विचारत नसे. ज्यांना माहीत होतं ते टाळायचे, ज्यांना नव्हतं त्यांना मी “नाही अजून” म्हणायचे. मी म्हटलं, “एक मुलगी. झाली तेव्हाच गेलेली.”

“नाव काय ठेवलं?”

“ठेवलं नाही. श्वासच घेतला नाही तिनं.”

“म्हून का झालं? आली त होती ना.” ती माझ्याकडे वळून बसली. “ठेवा काई. मानसाले नाव पायजे. नाई त इचाराचं कसं तिले?”

घरी पोचले तेव्हा सुधाकर भाजी चिरत होता. मी चप्पलही न काढता म्हटलं, आपण मुलीचं नाव ठेवलं नाही. त्याची विळी थांबली. तो हात पुसून उठला. मग म्हणाला, “मी ठेवलंय. त्याच दिवशी. तुला सांगायचं होतं, पण तू काही बोलतच नव्हतीस.”

“काय?”

“रेणू,” तो म्हणाला. आठ महिने तो ते नाव एकटाच घेऊन हिंडत होता.

कौसाबाईची जखम भरलीच नाही. उन्हाळ्यात ती चिघळली, आणि चंद्रपूरच्या दवाखान्यात तिचा पाय गुडघ्याखाली कापला. पावसाळ्याच्या अखेरीस ती गावी वारली. बहिणीनं कोणाकडून तरी पोस्टकार्ड लिहवून पाठवलं, ते मला मिळालं तोवर तेरवी झाली होती. सरांनी पुढं त्या वाटेवर एक पुस्तिका छापली. तिच्यात ‘एका स्थानिक महिलेचे सहकार्य’ असा उल्लेख होता. मी सरांना म्हटलं, नाव घाला. त्यांनी दुसऱ्या खेपेस घातलं.

आमची शेवटची भेट दवाखान्यात झाली, पाय कापल्यानंतर आठेक दिवसांनी. सुधाकरही बरोबर होता. बायकांचा मोठा वॉर्ड, वर पंखे, खाटांमध्ये बसायलाही जागा नाही. ती उशीला टेकून बसली होती, पांघरूण एका बाजूला एकदम सपाट. आम्ही संत्री नेली होती. ती हातात घ्यायच्या आधीच तिनं मला विचारलं, “काय ठेवलं मंग?”

मी सुधाकरकडे पाहिलं. तो म्हणाला, “रेणू.”

“रेणू,” तिनं एकदा म्हणून पाहिलं. “चांगलं हाये.”

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, हाताला सलाईन लावलेली. ती मघापासून आमच्याकडे टक लावून बघत होती. तिनं मान उचलून विचारलं, “कोन होय वं हे, कौसाबाई? तुयी भाची का?”

“नाई वं,” कौसाबाई म्हणाली. तिनं माझा हात धरून मला थोडं पुढं ओढलं, त्या बाईला नीट दिसावं म्हणून.

“हे रेणूची माय होय.”